दारातला वसुलीदार आणि नादारीचा कायदा

पगाराची तारीख हा नोकरदाराच्या घरातील लहानसा सणच असतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. पुढच्या पगारावर ज्याने आजच उचल घेतली आहे, त्याच्या बाबतीत मात्र हे विधान खोटे ठरते. त्याचा पगार हाती पडण्यापूर्वीच वाटला गेलेला असतो. पतसंस्थेचा हप्ता कचेरीतच कापला जातो, बँकेचा हप्ता खात्यातून परस्पर वळता होतो आणि उरल्यासुरल्या रकमेवर हक्क सांगणारा कोणीतरी दारात उभा असतो. महिन्याच्या दहा तारखेला पुन्हा उसनवारी सुरू होते आणि जुने देणे भागविण्यासाठी नवे देणे केले जाते. या चक्रात सापडलेला माणूस उधळ्या असतोच असे नाही. बहुधा घरातले एखादे आजारपण, मुलीचे लग्न, मुलाच्या शिक्षणाची देणगी किंवा रखडलेले वेतन त्याला तेथवर आणून सोडते.

वर्धा नदीच्या काठावरील कौंडण्यपूर हे विदर्भाच्या पुराणप्रसिद्ध राजधानीचे ठिकाण, रुक्मिणीचे माहेर. आषाढी वारीसाठी येथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. आज ते अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील एक गाव आहे. अशा गावात शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी किंवा सोसायटीचा गटसचिव नावानिशी ओळखला जातो. मोठ्या शहरात वसुलीदार आला तर शेजारच्या बिऱ्हाडालाही त्याचा पत्ता लागत नाही. येथे तो बसथांब्यावर उतरून ‘मास्तरांचे घर कोणते?’ असे विचारतो, तेव्हाच त्याची अर्धी वसुली झालेली असते. ज्याच्यापाशी शेत नाही, सोने नाही, त्या नोकरदाराची अब्रू हेच सावकाराचे खरे तारण असते. ते तारण जप्त होऊ नये म्हणून कर्जदार बोलत नाही, कोणाला विचारत नाही आणि कागद न वाचता सही करून मोकळा होतो. व्याजापेक्षाही हे मौनच त्याला अधिक बुडवते. या मौनाला उत्तर देणारा कायदा शंभर वर्षांपासून अस्तित्वात आहे. परंतु ज्याच्यासाठी तो केला गेला, त्याच्यापर्यंत तो क्वचितच पोहोचला आहे.

कर्जाची वऱ्हाडी परंपरा

वऱ्हाडाला कर्ज नवे नाही. १८५३ साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव आणि पाठोपाठ आलेली आगगाडी यांनी वऱ्हाडाचा कापूस परदेशी बाजाराला जोडला. बाजार चढला तेव्हा पत वाढली. बाजार उतरला तेव्हा कर्ज मात्र तेवढेच राहिले. कापसाबरोबर खातेवहीही घरोघर आली.

या खातेवहीची एक नोंद वऱ्हाडाच्या स्मरणात कायमची राहिली आहे. शेंडगावी जन्मलेल्या देबूजीचे, म्हणजेच पुढील काळातील गाडगेबाबांचे, बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुरे येथे मामांच्या घरी गेले. मामा अक्षरशत्रू होते आणि कागदपत्राचा व्यवहार सावकाराच्या हाती होता. अखेर मामांचे शेत सावकाराकडे गेले. त्याची माणसे ताबा घेण्यास आली, तेव्हा हा तरुण त्यांना आडवा झाला. पुढे आयुष्यभर बाबांच्या कीर्तनांतून ‘कर्ज काढून सण करू नका’ आणि ‘मुलांना शिकवा’ असे दोन उपदेश जोडीने येत राहिले. त्यामागे हा अनुभव होता. निरक्षरता आणि कर्जबाजारीपणा यांचे नाते त्यांनी एकाच शेतात पाहिले होते. आजचा कर्जदार साक्षर आहे, किंबहुना अनेकदा तो इतरांना शिकविणारा आहे. तरीही न वाचलेल्या कागदावर तो सही करतो. अक्षरओळखीने सुटेल असे जे वाटले होते, ते केवळ अक्षरओळखीने सुटलेले नाही.

राज्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे अगदीच पाठ फिरविली असे म्हणता येणार नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे पेटले. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील कर्जरोखे काढून जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कर्जाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकता येणार नाही, हे त्याने ठरविले आणि शेतकऱ्याच्या नादारीसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण घातले. वऱ्हाड मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होता. या बाजूला कर्ज-समेटाचा कायदा १९३३ साली मध्य प्रांताच्या विधिमंडळात झाला. धनको आणि ऋणको यांना समोरासमोर बसवून कर्जाची रक्कम आणि हप्ते ठरविणारी मंडळे त्यातून निर्माण झाली. त्यामागे अमरावती जिल्ह्यातील पापळचे पंजाबराव देशमुख यांचा पुढाकार होता.

पगारदाराचा प्रश्न त्याच सुमारास पुढे आला. १९३१ च्या व्हिटले आयोगाने गिरणी कामगारांच्या कर्जाचे जे चित्र रेखाटले, ते आजही ओळखीचे वाटेल. रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा ७५, हे सर्रास चालणारे व्याज होते आणि पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाबाहेर काठी घेऊन उभा असलेला सावकार हे नित्याचे दृश्य होते. ‘पठाणी व्याज’ हा शब्दप्रयोग मराठीत रुजला तो याच व्यवहारातून. या सावकाराला न्यायालयाची गरज नव्हती. त्याचे काम धाकावर भागत होते. म्हणूनच मध्य प्रांताने १९३७ मध्ये ऋणकोच्या संरक्षणाचा कायदा केला आणि वसुलीसाठी माणसाच्या घराभोवती किंवा कामाच्या ठिकाणी घुटमळणे, त्याचा पाठलाग करणे हा गुन्हा ठरविला. पुढे १९७५ साली महाराष्ट्राने लहान शेतकरी, ग्रामीण कारागीर आणि मजूर यांची सावकारी कर्जे रद्द केली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. या सर्व प्रवासात शेतकरी आणि मजूर यांचा विचार झाला. शाळा आणि कचेऱ्यांतील माणूस मात्र ‘पगार आहे ना!’ या एका वाक्याखाली बाजूला राहिला.

सात दिवसांचा सावकार

फाटकाबाहेरचा तो सावकार आता खिशातल्या भ्रमणध्वनीत येऊन बसला आहे. कागद नाही, जामीन नाही, दहा मिनिटांत पैसे, असे त्याचे आमंत्रण असते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये नेमलेल्या कार्यगटाला कर्ज देणारी सुमारे ११०० अॅप आढळली; त्यांपैकी ६०० बेकायदा होती. यांतील वाईट व्यवहारांचा हिशोब कसा असतो, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. समजा, कर्ज ५,००० रुपयांचे म्हणून नोंदले; ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून १,५०० रुपये आधीच कापून घेतले आणि हाती ३,५०० रुपये आले. सात दिवसांनी पूर्ण ५,००० रुपये परत करावयाचे. म्हणजे ३,५०० रुपयांच्या सात दिवसांच्या वापरासाठी १,५०० रुपये पडले. महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराने बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्ज दिल्यास त्यावर शासनाने घालून दिलेली कमाल मर्यादा वर्षाला शेकडा १८ अशी आहे. त्या दराने याच रकमेचे सात दिवसांचे व्याज होते सुमारे बारा रुपये. बारा रुपये आणि पंधराशे रुपये यांतील अंतर ज्याने एकदा मांडून पाहिले, त्याला ‘सोयीचे कर्ज’ या शब्दांचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.

हप्ता चुकला की दुसरा अंक सुरू होतो. कर्ज घेताना अॅपने भ्रमणध्वनीतील नावांची यादी उचललेली असते. मुख्याध्यापक, सासरे, वर्गातील विद्यार्थ्याचे पालक अशा सर्वांना संदेश जातात. काठीचा धाक जाऊन त्याची जागा बदनामीने घेतली आहे. गावातला बिनपरवाना सावकार याहून जुन्या पद्धतीने काम करतो. कोरा धनादेश, कोऱ्या मुद्रांकावरील सही, कधी बँकेचे एटीएम कार्डच तारण. आणि घराचे किंवा शेताचे खरेदीखत ‘नुसते विश्वासापुरते’ लिहून घेतले जाते.

वसुलीदाराची मर्यादा

भीतीला उतारा म्हणून कायदा प्रथम काय सांगतो, हे पाहिले पाहिजे. केवळ पैसे फेडता आले नाहीत म्हणून माणूस तुरुंगात जात नाही. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, हुकूमनाम्याची रक्कम न भरणे एवढ्यावरून अटक करता येत नाही. ऐपत असून बुद्ध्या टाळाटाळ केल्याचे दिसले पाहिजे. स्त्रीला तर पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटकच करता येत नाही. ‘पोलीस घेऊन येतो’ अशी जी धमकी वसुलीदार देतो, तिच्यामागे सामान्यतः काहीही नसते. अपवाद न वटलेल्या धनादेशाचा. तो फौजदारी विषय आहे. त्याची नोटीस आल्यास पंधरा दिवसांच्या मुदतीकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. कोरा धनादेश देऊ नये तो याच कारणासाठी.

हुकूमनामा झाला तरी सारेच जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमानुसार पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग सामान्य कर्जासाठी जप्त होऊ शकत नाही. २५,००० रुपये पगारातून अशा रीतीने जास्तीत जास्त ८,००० रुपयेच जातील, तेही एका हुकूमनाम्यापोटी एकूण चोवीस महिन्यांपर्यंतच. भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि धर्मरूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नये असे दागिने, म्हणजे मंगळसूत्र, यांना हात लावता येत नाही. न्यायालयाचा बेलिफ ज्या मंगळसूत्राला स्पर्श करू शकत नाही, ते वसुलीदाराच्या धाकाने आपणहून सराफाच्या दुकानात जाते, हा या व्यवहारातील सर्वांत करुण भाग आहे.

बँका आणि वित्तसंस्था यांच्या वसुलीदारांना रिझर्व्ह बँकेने सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर तगाद्याचा दूरध्वनी करण्यास मनाई केली आहे. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातलग व मित्र यांना उपद्रव हे सारे निषिद्ध आहे. नोंदणीकृत संस्थेसाठी कर्ज देणाऱ्या अॅपला नावांची यादी उचलण्याचा अधिकारच नाही. दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. बेकायदा अॅपच्या बाबतीत पोलीस ठाणे आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. गावच्या सावकारासाठी २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे. बिनपरवाना सावकारी करणाऱ्यास त्यात पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. कर्जापोटी लिहून घेतलेले खरेदीखत पंधरा वर्षांच्या आतील असेल, तर चौकशीअंती ते रद्द करून मालमत्ता परत देवविण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाला आहे. यासाठी लेखी अर्ज लागतो. तोंडी गाऱ्हाण्याची नोंद कोणत्याही कचेरीत होत नाही.

नादारीचा मार्ग

इतके करूनही देणे आवाक्याबाहेर असेल तर काय? येथे ‘दिवाळे’ हा शब्द आडवा येतो. दिवाळे काढणे म्हणजे लबाडी, असे समीकरण व्यापारी जगातून आपल्या भाषेत रूढ झाले. कायद्याचा शब्द वेगळा आहे: नादारी. हा शब्द शिक्षकांना परका नाही. शाळेत गरीब विद्यार्थ्याला नादारी मिळत असे आणि त्यामुळे त्या मुलाला कोणी लबाड म्हणत नसे. ऐपत नाही, एवढेच त्या शब्दाने सांगितले जाई.

१९२० चा प्रांतिक नादारी कायदा मुंबई शहराबाहेरील महाराष्ट्रात आजही लागू आहे. ५०० रुपयांहून कमी नाही इतके देणे असलेला आणि ते फेडण्यास असमर्थ असलेला माणूस त्याखाली जिल्ह्याच्या न्यायालयात स्वतःच अर्ज करू शकतो. अर्जात प्रत्येक धनकोचे नाव, प्रत्येक कर्ज आणि आपली सर्व मालमत्ता नमूद करावी लागते. न्यायालयाने नादार ठरविले की जप्त होऊ शकणारी मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या हाती जाते आणि विनातारण धनकोंना न्यायालयाच्या परवानगीवाचून स्वतंत्र दावा लावता येत नाही. साऱ्या धनकोंना एकाच ठिकाणी यावे लागते. दहा दारांवरचा तगादा संपून एकाच न्यायालयात हिशोब सुरू होतो, हा याचा खरा लाभ. संख्येने निम्म्याहून अधिक आणि रकमेने तीन-चतुर्थांश धनको तयार झाले तर तडजोडही मंजूर होते. शेवटी न्यायालय मुक्ततेचा आदेश देऊ शकते.

रुक्मिणीचा विवाह तिच्या इच्छेविरुद्ध ठरला, तेव्हा ती कौंडण्यपुरात रडत बसली नाही. मुहूर्त टळण्यापूर्वी तिने पत्र लिहून पाठविले, अशी कथा आहे. कर्जदाराने तिच्याकडून घ्यावयाचा धडा हाच आहे. नादारीचा अर्ज उपयोगी पडतो तो वेळेवर केला तर. घर विकून, दागिने मोडून, मित्रांकडून उसने घेऊन झाल्यावर केलेला अर्ज न्यायालयाला केवळ रिकामी वही दाखवितो.

मात्र हा मार्ग फुलांचा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तारणी कर्ज त्याने सुटत नाही. गृहकर्ज देणारी बँक घरावर हक्क चालवू शकते. सरकारी देणे, फसवणुकीने केलेले कर्ज आणि पोटगी यांतून मुक्तता नाही. न वटलेल्या धनादेशाचा खटला चालूच राहतो. मालमत्ता रुपयात आठ आणेही भरत नसेल आणि त्यास माणसाचा स्वतःचा जुगार किंवा उधळेपणा कारण असेल, तर न्यायालय निर्विवाद मुक्तता देत नाही. अर्जापूर्वी घर मेव्हण्याच्या नावे करून देणाऱ्याचा व्यवहार रद्द होतो आणि मालमत्ता लपविणाऱ्यास शिक्षा होते. सरकारी नोकराला आणखी एक अट आहे. १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांनी त्याला सततची ऋणग्रस्तता टाळण्यास सांगितले आहे. कर्जवसुलीची किंवा नादारीची कारवाई सुरू झाल्यास त्याने ती वस्तुस्थिती तत्काळ वरिष्ठांना कळविली पाहिजे. म्हणजे येथेही लपविणे घातक आहे, सांगणे नव्हे.

सर्वांत अवघड प्रश्न जामीनदाराचा आहे. मुख्य कर्जदार मुक्त झाला तरी जामीनदार मुक्त होत नाही. पतसंस्थेच्या कर्जाला शेजारच्या वर्गावरील शिक्षक जामीन असतो आणि मग हप्ता त्याच्या पगारातून कापला जातो. पतसंस्थेतील पैसाही कोणा कारखानदाराचा नसतो. तो इतर शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या बचतीचा असतो. नादारीमुळे कर्ज बुडविण्याची चटक लागेल, अशी जी शंका घेतली जाते, तिच्यात म्हणूनच तथ्यांश आहे. पण या शंकेचे उत्तर नादारी नाकारणे हे नव्हे. नादारी नसेल तर पैसा कोणाला मिळतो? जो सर्वांत अधिक घाबरवितो त्याला. बिनपरवाना सावकार आणि बेकायदा अॅप यांचे देणे प्रथम जाते. सभ्यपणे नोटीस पाठविणारी पतसंस्था आणि गप्प बसणारा जामीनदार शेवटी उरतात. न्यायालयाच्या वाटणीत तोच जामीनदार भरलेल्या रकमेसाठी धनको म्हणून उभा राहू शकतो. प्रामाणिक धनकोचेही हित उघड हिशोबातच आहे.

राहून गेलेले काम

संसदेने २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता संमत केली. कंपन्यांसाठी ती ताबडतोब अमलात आली. व्यक्तींसाठीचा भाग मात्र डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला. गरीब ऋणकोला नव्याने आरंभ करू देणारी तरतूद याच संहितेत आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० रुपयांपर्यंत आणि पात्र कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत असणाऱ्यासाठी ती लिहिली गेली. पण लागू झालेली नाही. लागू झाली तरी या मर्यादांत बसणारा शिक्षक किंवा कारकून शोधावा लागेल. हजारो कोटींच्या देण्यातून मोठ्या कंपनीची सुटका करणारी यंत्रणा उभी राहते आणि काही हजारांच्या देण्यासाठी माणसाला शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याकडे बोट दाखविले जाते, ही विसंगती दूर झाली पाहिजे. या मर्यादा वाढवून तो भाग लागू करणे, तालुका विधी सेवा समितीत कर्जविषयक सल्ल्याचा दिवस ठेवणे आणि पगारदारांच्या पतसंस्थांनी नवे कर्ज देण्यापूर्वी सभासदाची सर्व देणी एका कागदावर मांडून घेणे, ही कामे अशक्य कोटीतील नाहीत. १९३३ च्या समेट मंडळांसारखी समोरासमोर बसण्याची जागा आज पगारदारासाठी नाही, तीही हवी.

ऋण फेडणे हे आपल्याकडे धर्माचे कर्तव्य मानले गेले. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, असे हिंदू धर्मशास्त्र सांगत आले; २००५ च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरते ते कायदेशीर बंधन संपले. परंतु त्याच धर्मशास्त्राने दामदुपटीचा नियमही घालून दिला होता. एका वेळी मुदलाहून अधिक व्याज वसूल करता येणार नाही, ही मर्यादा सावकारी कायद्यानेही मान्य केली. म्हणजे परंपरेने ऋणकोला कर्तव्य सांगितले तसे धनकोलाही सांगितले. पहिले कर्तव्य आपण लक्षात ठेवले आणि दुसरे विसरलो. कर्ज फेडता न येणे ही विपत्ती आहे. तिला गुन्ह्याचे रूप येते ते लपविल्याने आणि फसविल्याने. ज्याने आपली सारी देणी एका कागदावर लिहून न्यायाधीशासमोर ठेवली, त्याने नामुष्की पत्करली असे समजण्याचे कारण नाही. दारातल्या वसुलीदाराला जे सांगण्याचे धैर्य त्याला झाले नव्हते, ते त्याने योग्य ठिकाणी सांगितले, एवढाच त्याचा अर्थ आहे.